घरी आलेली अनोळखी आमरी : तिची ओळख व जोपासना

ऑर्किड या नावाने बाजारात मिळणारी फुलझाडे, ज्यांना मराठीत आमरी असे म्हणतात, ती आता शहरातील दिवाणखान्यांपुरती राहिलेली नाहीत. पुण्यामुंबईस नोकरीस असलेला मुलगा सणासुदीस गावी येताना मिठाईच्या पेटीऐवजी अशी एखादी फुललेली कुंडी घेऊन येतो. सत्कारसमारंभात हारतुऱ्यांच्या जागी ती दिली जाते. फळझाडांची कलमे आणावयास रोपवाटिकेत गेलेला शेतकरी तिच्या फुलांवर भुलून एक रोप सोबत घेतो. या कुंडीवर बहुधा नावाची चिठ्ठी नसते. असली तरी ती विक्रेत्याच्या दुकानाची असते, झाडाची नसते. दोनतीन महिन्यांनी फुले गळतात, मग पाने सुरकुततात आणि घरातील मंडळी गावातील कृषी कार्यकर्त्यास विचारतात की, हे झाड कोणते आणि ते का मरत आहे. आंब्यावरील तुडतुडा किंवा भातावरील करपा यांविषयी क्षणात उत्तर देणारा कार्यकर्ता येथे अडखळतो, कारण पदवीच्या अभ्यासक्रमातही या कुळास फारसे पान मिळत नाही.

हा प्रश्न केवळ हौसेचा आहे असे समजू नये. कुंडीसाठी शेकडो रुपये मोजलेले असतात, आणि अनेकदा ती कोणाच्या तरी आठवणीची असते. दुसरे असे की, शेडनेटमध्ये फुलशेती करण्याचा विचार करणारे तरुण व महिला बचतगट घरच्या एकाच कुंडीवरून साऱ्या पिकाचा अंदाज बांधतात. कुंडी मेली तर ‘हे आपल्या हवेत होत नाही’ असे ठरवतात, आणि जगली तर चौकशी न करता कर्ज काढतात. दोन्ही निर्णय चुकीचे ठरण्याचा संभव असतो, कारण आमरी हे एका झाडाचे नाव नसून एका प्रचंड कुळाचे नाव आहे. जगात या कुळातील पंचवीस हजारांहून अधिक जाती ज्ञात आहेत. भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या गणनेनुसार आपल्या देशात १,२५६ जाती आहेत. त्यांपैकी ३८८ इतरत्र कोठेही आढळत नाहीत, आणि या ३८८ पैकी १२८ पश्चिम घाटात आहेत. यांतील एकीला जे मानवते ते दुसरीला मारक ठरते. सबब झाडाला पाणी किती घालावे हे विचारण्यापूर्वी ते झाड कोणते, हे विचारणे क्रमप्राप्त आहे.

आमरी म्हणजे बांडगूळ नव्हे

ओळखीचा पहिला गोंधळ घरात नव्हे, बागेत होतो. आंब्याच्या किंवा फणसाच्या फांदीवर वाढणारी प्रत्येक हिरवी वस्तू म्हणजे बांडगूळ, असा समज सर्वत्र आहे. बांडगूळ आपली शोषक मुळे सालीतून आत लाकडापर्यंत घुसवते व झाडाचा रस घेते. त्या ठिकाणी फांदीस गाठ येते आणि गाठीच्या पुढील भाग रोडावतो. बांडगूळ काढावयास सांगतो ते याच कारणास्तव, आणि ते गाठीच्या खालून फांदीसह कापावे असेही सांगतो. आमरी मात्र फांदीचा उपयोग केवळ बसावयास करते. तिची मुळे सालीवरून पसरतात, आत शिरत नाहीत. ती आपले अन्न स्वतःच्या पानांत तयार करते, पाणी पावसातून व दवातून घेते, आणि सालीच्या भेगांत कुजलेल्या पाचोळ्यातून क्षार मिळवते. भारतातील आमरींपैकी ७५७ जाती अशा वृक्षवासी आहेत.

शंका असल्यास चाकूच्या टोकाने एखादे मूळ हलकेच उचलून पाहावे. मूळ सुटून आले आणि खाली साल अखंड दिसली तर ती आमरी, किंवा बाशिंगासारखे नेचे समजावे. कोकणातील बागांत बांडगूळ काढण्याच्या वेळी मजूर कोयत्याने या दोहोंचा सरसकट सपाटा करतात. ज्या सीतेच्या वेणीचा लोंबता गुलाबी घोस वळवाच्या सुमारास पाहण्यासाठी शहरातील लोक घाटात जातात, तीच आपल्या आंब्यावरून खरवडून बांधावर फेकली जाते. हीच जात, शास्त्रीय भाषेत ऱ्हिंकोस्टायलिस रेटुसा, आसाम व अरुणाचल प्रदेश या राज्यांचे राज्यपुष्प असून आसामात बिहूच्या सणास स्त्रिया ती केसांत माळतात.

फूल नसताना ओळख कशी पटवावी

बहुतेक वेळा कार्यकर्त्यापुढे झाड येते ते फुले गळून गेल्यावर. अशा वेळी निराश होण्याचे कारण नाही; फुलाशिवायही बरीच मजल मारता येते, कारण जोपासनेसाठी जातीचे संपूर्ण नाव लागत नाही, प्रजाती कळली तरी पुरते. बाजारातील बहुतेक कुंड्या संकरित वाणांच्या असतात. त्यांच्या पूर्वजांत अनेक जातींचे, कित्येकदा दोनतीन प्रजातींचेही मिश्रण असते, आणि चिठ्ठी एकदा हरवली की वाणाचे नेमके नाव मोठ्या तज्ज्ञासही सांगता येत नाही. तेव्हा ते शोधण्यात वेळ दवडू नये.

प्रथम मुळे पाहावीत. जाड, दोरीएवढी, रुपेरी पांढरी व टोकाशी हिरवी किंवा तांबूस मुळे कुंडीबाहेर डोकावत असतील तर ते झाड वृक्षवासी आमरीपैकी आहे असे जवळजवळ निश्चित समजावे. त्यानंतर झाड वाढते कसे ते पाहावे. आमरींत वाढीच्या दोन रीती आहेत. काहींत एकच खोड वर वर वाढत जाते, शेंड्यास नवे पान येते आणि बुंध्याकडील जुने गळते. इतरांत आल्याच्या किंवा हळदीच्या कंदाप्रमाणे वाढ आडवी सरकते आणि दरवर्षी जुन्या कोंभाशेजारी नवा कोंभ उभा राहतो. हे कोंभ बहुधा फुगीर असतात व त्यांत पाणी आणि अन्न साठवलेले असते. त्यांना आभासकंद म्हणतात. ही एक गोष्ट निश्चित झाली की निम्मी ओळख पटली असे समजण्यास हरकत नाही.

एकाच खोडाच्या गटात आपल्याकडे घराघरांतून येणारे झाड म्हणजे फॅलिनॉप्सिस. तीन ते सहा रुंद, मांसल, जिभेच्या आकाराची पाने जवळजवळ कुंडीच्या काठावर टेकलेली असतात. खोड दिसतच नाही. फुलांचा दांडा पानांच्या बगलेतून निघून कमानीसारखा वाकतो. फुले चपटी, पतंगाच्या पंखांसारखी पसरट. भेट म्हणून येणाऱ्या दहा कुंड्यांत बहुतांश याच असतात असा प्रस्तुत लेखकाचा अनुभव आहे. याच गटातील वांडाची पाने मात्र लांब, पट्ट्यासारखी, मधोमध घडी पडलेली आणि खोडाच्या दोन बाजूंस दोन ओळींत लागलेली असतात. ती बहुधा लाकडी टोपलीत, मातीचा कणही न घालता टांगलेली असते व तिची मुळे हातहातभर खाली लोंबतात. वांडा हा शब्द शास्त्रज्ञांनी संस्कृतातील ‘वंदा’ या शब्दावरून घेतलेला आहे, आणि तो शब्द मुळात झाडावर वाढणाऱ्या झाडासाठी होता. म्हणजे बांडगुळाशी होणारा गोंधळ आजकालचा नव्हे.

आडव्या वाढीच्या गटात डेंड्रोबियम सर्वांत परिचित. त्याचे आभासकंद उसाच्या बारीक कांड्यांसारखे उभे असतात, त्यांवर पेरे स्पष्ट दिसतात आणि फुलांचा दांडा वरच्या पेऱ्यांतून निघतो. बाजारात पुष्पगुच्छांतून दिसणारी जांभळी-पांढरी फुले बहुधा याच्या सोनिया या वाणाची असतात. चपट्या आभासकंदाच्या बुडातून लांब दांडा निघून त्यावर लहान पिवळ्या फुलांचा झुबका येत असेल तर ते ऑन्सिडियम. सोट्यासारख्या आभासकंदाच्या माथ्यावर एक किंवा दोन चामड्यासारखी जाड पाने आणि त्यांच्याच बगलेतील आवरणातून निघणारे मोठे फूल ही कॅटलियाची खूण. लांब गवताळ पानांचा दाट झुबका व बुडाशी अंड्याएवढे आभासकंद असतील तर सिंबिडियम समजावे, आणि ते कोठून आले याची चौकशी करावी. सिक्कीम-दार्जिलिंगकडील मोठ्या फुलांच्या सिंबिडियमांना फुलण्यासाठी थंड रात्री लागतात; सोलापूर किंवा जळगावच्या अंगणात ती पाने वाढवत वर्षानुवर्षे उभी राहतील, फूल देणार नाहीत. विक्रेता हे सांगत नाही.

एक अपवाद लक्षात ठेवावा. नारळाच्या कोवळ्या रोपासारखी चुण्या पडलेली पाने, बुडाशी लहान कंद आणि उभ्या दांड्यावर जांभळी किंवा पिवळी फुले असे झाड मातीत सुखाने वाढत असेल तर ते स्पॅथोग्लॉटिस होय. ही जमिनीवरील आमरी आहे. तिला निचऱ्याची, पालापाचोळ्याच्या खताने भुसभुशीत केलेली माती मानवते आणि खाली मुळांविषयी जे सांगितले आहे ते तिला लागू नाही.

फूल हाती असेल तर खात्री करणे सोपे जाते. बाहेर तीन निदले, आत तीन पाकळ्या, आणि त्या तीनपैकी एक पाकळी इतर दोहोंहून अगदी वेगळी, ओठासारखी पुढे आलेली. मधोमध पुंकेसर व स्त्रीकेसर एकत्र होऊन झालेला एकच स्तंभ. काडीच्या टोकाने स्तंभाचे टोक हलकेच उचकटले तर परागाच्या पिवळ्या गोळ्या काडीस चिकटून येतात. पराग भुकटीसारखा न उडता गोळीने निघतो ही या कुळाची मोठी खूण आहे. व्हॅनिलाच्या फुलातही हेच दिसेल, कारण व्हॅनिला आमरीचीच जात. नारळाच्या बागेत व्हॅनिलाचे वेल लावून ज्यांनी पहाटे हाताने परागीकरण केले आहे त्यांना आमरी अनोळखी आहे असे म्हणता येणार नाही.

मुळे व पाणी

घरी आलेल्या आमरीच्या मृत्यूचे सर्वांत मोठे कारण तहान नव्हे, पाणी हे आहे. हे नीट समजण्यासाठी मुळाची रचना पाहिली पाहिजे. वृक्षवासी आमरीच्या मुळाभोवती मृत पेशींचे स्पंजासारखे आवरण असते. पाऊस पडताच ते आवरण क्षणात पाणी शोषून घेते व आतील गाभ्यास पुरवते. पाऊस थांबला की वाऱ्याने ते लवकर सुकते. कोरड्या अवस्थेत आवरणात हवा भरलेली असल्याने मूळ रुपेरी दिसते, भिजले म्हणजे आतील हिरवा रंग बाहेर दिसू लागतो. भिजणे आणि सुकणे या आलटून पालटून येणाऱ्या दोन्ही अवस्था मुळास आवश्यक आहेत. मुळे सतत ओली राहिली तर हवा कोंडते, आवरण सडते आणि आतील गाभ्याचा दोरा तेवढा शिल्लक राहतो. मग कुंडीत पाणी असूनही पाने सुरकुततात; मालक समजतो झाड तहानले, आणि आणखी पाणी घालतो.

एका बागायतदाराच्या घरी हाच प्रकार पाहावयास मिळाला. नातीने पहिल्या पगारातून आजीसाठी पांढऱ्या फुलांची फॅलिनॉप्सिस आणली होती. आजींनी ती तुळशीवृंदावनाशेजारी ठेवून रोज सकाळी तुळशीबरोबर तांब्याभर पाणी घालण्याचा नेम धरला, आणि चार महिन्यांत पाने कातड्यासारखी लोळली. “साहेब, तुळशीला जे चालतं ते हिला का चालू नये?” हा त्यांचा प्रश्न अगदी रास्त होता. कुंडी उपडी केली तेव्हा आतील शेवाळ काळे पडून आंबूस वास येत होता. बोटांनी दाबून पाहता बहुतेक मुळांतून पाणी निघून आवरण सालपटासारखे निघाले. कठीण, भरीव मुळे तीनच उरली होती. ती तीन मुळे आजींनाच मोजावयास लावली. सडलेली मुळे ज्योतीवर तापवून निववलेल्या पात्याने कापली, झाड एक दिवस सावलीत उघडे ठेवून जखमा सुकू दिल्या आणि लहान कुंडीत नव्या माध्यमात बसवले. पहिले नवे मूळ दिसण्यास दोन महिने लागले, आणि पुढच्या वर्षीच्या थंडीनंतर पाच फुलांचा एक दांडा आला. तुळस मातीतील झाड आहे व ही फांदीवरील, एवढे एकदा सांगितल्यावर आजींना वेगळी शिकवण द्यावी लागली नाही.

कुंडीस पाणी केव्हा द्यावे याचा दिवस ठरवून देणे शक्य नाही. पारदर्शक प्लास्टिकच्या कुंडीतून मुळे पाहावीत : हिरवी दिसत असतील तर थांबावे, रुपेरी झाली असतील तर द्यावे. अपारदर्शक कुंडी असेल तर हाताने उचलून वजन पाहावे, किंवा लाकडाची बारीक काडी माध्यमात खोल खोचून पाच मिनिटांनी काढून पाहावी. शेवाळात भरलेल्या फॅलिनॉप्सिसला हिवाळ्यात आठवड्यास एकदा, उन्हाळ्यात दोनतीनदा पाणी पुरते. कोळसा व सोडणात लावलेल्या डेंड्रोबियमला याहून अधिक वेळा लागते. टांगलेल्या वांडास मात्र कोरड्या दिवसांत रोज, कडक उन्हाळ्यात दोन वेळाही मुळे पूर्ण हिरवी होईपर्यंत भिजवावी लागतात, कारण तिच्याभोवती ओल धरून ठेवणारे काहीच नसते. नाव कळल्याशिवाय पाणी सांगता येत नाही, असे वर म्हटले ते यास्तव.

पाणी सकाळी द्यावे. कुंडी बादलीतील पाण्यात काठापर्यंत दहा मिनिटे बुडवून नंतर पूर्ण निथळू द्यावी, ही रीत उत्तम. मात्र रोगट कुंडी आणि निरोगी कुंडी एकाच पाण्यात बुडवू नये. कुंडीखालील बशीत पाणी साचू देऊ नये. फॅलिनॉप्सिसच्या पानांच्या मधोमध, जेथून नवे पान निघते तेथे, पाणी राहिल्यास कोंब कुजतो व झाड संपते. तेथील थेंब कापसाने टिपावेत. रानात हे झाड फांदीवरून तिरपे लोंबत असल्यामुळे पाणी आपोआप गळून जाते. आपण ते कुंडीत उभे करतो आणि पेला तयार करतो.

दख्खनच्या पठारावरील विंधनविहिरींचे पाणी बहुधा जड असते. अशा पाण्याने मुळांच्या टोकांवर व कुंडीच्या काठावर पांढरे क्षार साचून टोके करपतात. पावसाचे पाणी एका पिंपात धरून ठेवल्यास दोनचार कुंड्यांस ते कित्येक महिने पुरते. ते शक्य नसेल तर उपलब्ध पाण्यांपैकी सर्वांत गोडे पाणी निवडावे.

माती नको, तर काय

कुंडीत शेतातील माती, गाळ किंवा शेणखत घालण्याचा मोह होतो, तो आवरावा. माध्यमाचे काम झाडास आधार देणे व मुळांभोवती हवा खेळती ठेवणे एवढेच. लाकडी कोळशाचे अक्रोडाएवढे तुकडे, विटांचे तुकडे आणि नारळाच्या सोडणाचे तुकडे ही सामग्री कोकणात घरचीच आहे. सोडणे दोनतीन दिवस पाणी बदलत भिजवावीत म्हणजे त्यांतील क्षार व तांबडा अर्क निघून जातो. काथ्याचा भुसा मात्र दाबून बसतो. तो एकटा वापरू नये. पावसाळी, दमट भागात कोळसा व विटा अधिक घ्याव्यात. मराठवाडा-विदर्भातील कोरड्या हवेत सोडणाचे प्रमाण वाढवावे. कुंडीस तळाप्रमाणेच बाजूंसही भोके असावीत. माध्यम कुजून बारीक होऊ लागले, म्हणजे साधारण दोन वर्षांनी, फुले संपल्यावर आणि नवी मुळे फुटू लागताच ते बदलावे. बाहेर पडलेली मुळे कुंडीत कोंबू नयेत व कापूही नयेत.

दुकानातून आलेल्या फुललेल्या कुंडीचे माध्यम लगेच बदलण्याची घाई करू नये. पण शेवाळाच्या मधोमध प्लास्टिकची लहान जाळीदार वाटी किंवा घट्ट गोळा असतो तो ओला राहून मुळे सडवतो, हे ध्यानात ठेवून फुले गळताच तो काढावा.

उजेड, उष्णता आणि पुन्हा फूल

पानांचा रंग पाहावा. गर्द काळसर हिरवी, लुसलुशीत पाने म्हणजे उजेड कमी. असे झाड दिसावयास सुंदर असते पण फुलत नाही. पिवळट, तांबूस छटेची पाने म्हणजे ऊन अधिक. फॅलिनॉप्सिसला पूर्वेकडील खिडकी किंवा पडवी योग्य. पानावर एक फूट उंचीवर हात धरला असता पुसट कडांची सावली पडावी. डेंड्रोबियमला पन्नास टक्के सावलीच्या जाळीखाली किंवा विरळ छायेत ठेवावे. वांडास त्याहूनही भरपूर उजेड लागतो. दुपारचे थेट ऊन कोणासही नको. भाजलेल्या पानावरील डाग जन्मभर राहतो.

फॅलिनॉप्सिस पुन्हा का फुलत नाही, हा प्रश्न सर्वांत अधिक विचारला जातो. दिवसाचे तापमान सतत २८ अंश सेल्सिअसच्या वर राहिले तर तिला दांडा फुटत नाही. काही आठवडे रात्री १६ ते १८ अंशांच्या आसपास उतराव्या लागतात. पुणे, नाशिक, सातारा या भागांत नोव्हेंबर-डिसेंबरात हे आपोआप घडते. तेव्हा झाड गरम खोलीत न ठेवता पडवीत ठेवावे, मात्र कडाक्याच्या रात्री, पारा १२-१३ अंशांखाली जात असल्यास, आत घ्यावे. कोकण किनाऱ्यावर थंडी सौम्य असल्याने फॅलिनॉप्सिसचा हा दुसरा बहर अवघड जातो. तेथे डेंड्रोबियम व वांडा अधिक भरवशाच्या. धंद्याचा विचार करणाऱ्यांनी हा भेद आधी पाहावा, भाव नंतर विचारावा.

दांडा फुटू लागला की तो मुळापासून ओळखता आला पाहिजे, कारण अजाणतेपणी तोच खुडला जातो. मुळाचे टोक गोल व गुळगुळीत असते; दांड्याचे टोक किंचित चपटे, एकावर एक खवले असलेले दिसते. फुले गळाल्यावर दांडा हिरवा असेल व झाड सशक्त असेल तर खालून दुसऱ्या-तिसऱ्या पेऱ्याच्या वर कापावा. कित्येकदा त्या पेऱ्यातून पुन्हा फुले येतात. अशक्त झाडाचा दांडा बुडापासून कापावा. डेंड्रोबियमच्या पाने झडलेल्या जुन्या कांड्या मेल्या असे समजून कापू नयेत, त्यांत नव्या कोंभांची शिदोरी असते. काही डेंड्रोबियम तर कोरड्या ऋतूत सर्वच पाने गाळून उभे राहतात. आपल्या सह्याद्रीतील पांढऱ्या फुलांचे डेंड्रोबियम बार्बाट्युलम असेच निष्पर्ण काड्यांवर फुलते. निष्पर्ण काड्यांवर पाण्याचा मारा केला तर मात्र त्या खरोखरच कुजतात.

उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो अशा भागात खडी व पाणी भरलेल्या परातीवर, पण तळ पाण्यास न लागेल अशा बेताने, कुंडी ठेवावी आणि भोवती ओले गोणपाट टांगावे. खताविषयी फार लिहिण्यासारखे नाही. ठिबकसाठी आणलेले १९:१९:१९ हे विद्राव्य खत लिटरला अर्धा ते एक ग्रॅम या प्रमाणात, वाढीच्या दिवसांत पंधरा दिवसांतून एकदा, आधी मुळे भिजवून द्यावे व महिन्यातून एकदा साध्या पाण्याने क्षार धुऊन काढावेत. शेतातील मात्रेच्या सवयीने मूठभर घालणे म्हणजे झाड जाळणे होय.

रोग व किडी

पानांच्या बगलेत व खालच्या अंगास पिठ्या ढेकूण आणि खवले कीड लपलेली असते. संख्या थोडी असताना स्पिरिटात बुडवलेल्या कापसाने पुसून काढणे पुरेसे होते. गोगलगायी व शेंबी रात्री येऊन मुळांची कोवळी टोके व कळ्या खातात. त्या दिव्याच्या उजेडात हाताने वेचाव्यात. पावसाळ्यात सततच्या झडीने पानांवर पाणचट काळे डाग पडून ते वेगाने पसरतात. असे पान डागाच्या बरेच अलीकडून निर्जंतुक पात्याने कापावे, कुंडी वळचणीखाली कोरड्या वाऱ्यात आणावी व पाणी तोडावे.

सुपारीवरील कोळे रोगासाठी कोकणात घरोघरी बोर्डो मिश्रण तयार असते आणि उरलेले आमरीवर फवारण्याची बुद्धी होते. तसे करू नये. ताम्रयुक्त औषधे आमरीस, विशेषतः डेंड्रोबियमला, भाजतात. विषाणुरोगांवर औषधच नाही. पानांवर काळपट, खोलगट रेषा किंवा वलये वारंवार दिसू लागल्यास ते झाड वेगळे काढावे. हे रोग मुख्यत्वे कात्रीने पसरतात, म्हणून दर झाडागणिक पाते ज्योतीवर धरणे हाच उपाय.

रानातील आमरी

घाटाच्या रस्त्यांवर व काही आठवडी बाजारांत रानातून ओरबाडलेल्या आमरींच्या जुड्या विकावयास येतात. त्या घेऊ नयेत, आणि आपल्या गावातील कोणी हा उद्योग करीत असेल तर त्यास समजावून सांगावे. राखीव वनातून परवानगीवाचून वनस्पती काढणे हा भारतीय वन अधिनियम, १९२७ अन्वये गुन्हा आहे; ईशान्येकडील निळ्या वांडासारख्या काही जातींना वन्यजीव संरक्षण अधिनियमाचे विशेष संरक्षण आहे, आणि आंतरराष्ट्रीय व्यापारात तर साऱ्या आमरी कुळावरच निर्बंध आहेत. व्यवहाराच्या दृष्टीनेही यात लाभ नाही. मुळे तुटलेली रानातील झाडे क्वचितच जगतात. आमरीचे बी धुळीसारखे सूक्ष्म असून त्यात अन्नसाठा नसतो. रानात विशिष्ट बुरशीची साथ मिळाली तरच ते रुजते आणि रोप फुलावर येण्यास वर्षे लागतात. लुईस नडसन यांनी १९२२ साली साखरयुक्त माध्यमात बुरशीवाचून बी रुजवून दाखवले, आणि १९६० साली जॉर्ज मोरेल यांनी कोंभाच्या अग्रापासून रोपे वाढवण्याची रीत दिली. दुकानात मिळणारी रोपे या रीतींनी प्रयोगशाळेत तयार होत असल्याने रानावर हात टाकण्याचे काही कारणच उरलेले नाही. लागवडीच्या चौकशीसाठी भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे सिक्कीममधील पाक्योंग येथील आमरी संशोधन केंद्र १९९६ पासून काम करीत आहे. आपल्याकडे दापोली येथील कृषी विद्यापीठाच्या उद्यानविद्या विभागाशी संपर्क साधावा. रानातील जातीची ओळख हवी असल्यास पुण्यातील भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे पश्चिम विभागीय केंद्र आहे. झाड उपटून नेऊ नये. संपूर्ण झाड, बुंधा, मुळे, पानाचे टोक, आणि फूल समोरून व बाजूने अशी छायाचित्रे शेजारी मोजपट्टी ठेवून घ्यावीत, व ते कोणत्या झाडावर, कोणत्या महिन्यात फुललेले आढळले हे लिहावे.

वादळाने मोडलेल्या फांदीबरोबर आमरी खाली आली, किंवा बांडगूळ तोडताना फांदीसह उतरवावी लागली, तर ती आपल्याच बागेत पुन्हा बसवता येते. जून लागण्याच्या सुमारास खरबरीत सालीचे झाड, आंबा किंवा फणस, निवडावे. बुंध्याच्या पूर्वेकडील अंगास, डोक्याइतक्या उंचीवर, थोडे सोडण पाठीशी ठेवून झाड सुतळीने हलेल इतके सैल नाही व रुतेल इतके घट्ट नाही असे बांधावे. तार वापरू नये. पावसाळा संपेपर्यंत नवी मुळे सालीस चिकटतात आणि सुतळी कुजून आपोआप गळून पडते.